आयर्लंडच्या खेड्यात जमीनदार-कुळांच्या आठवणी कशा शोधायच्या

आयर्लंडच्या पश्चिमेला, म्हणजे मेयो किंवा डोनेगलकडे राहायला गेलात तर माळावर दगडी गडगे घालून पाडलेल्या लांबच लांब पट्ट्या दिसतील, त्यामागे बहुतेक वेळा जमीनदार नाहीतर सरकारने केलेली वाटणी असते. आधी रनडेल पद्धत होती, म्हणजे चारपाच घरं मिळून जमीन कसायची आणि एकेकाचे तुकडे दहा ठिकाणी. मग ते मोडून सलग पट्टे केले, १८९१ नंतर कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड या सरकारी मंडळानेही हे बरंच केलं.

पहिलं काम, टाउनलँडचं नाव काढा. गावाचं नाही बरं का, टाउनलँड म्हणजे जमिनीचा नाव असलेला छोटा विभाग, गावाहून लहान, आणि देशभरात साठ हजारांवर आहेत. ते नाव नसेल तर एकाच आडनावाची वीस घरं निघतात आणि आपण गोंधळतो.

मग ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन बघा (१८४७ ते १८६४), ऑनलाइन फुकट आहे. आपल्या सातबाऱ्याची आठवण येईल, पण हा कर बसवायला केलेला सर्व्हे. त्यात 'इमीजिएट लेसर', म्हणजे कुळाला थेट जमीन भाड्याने देणारा, असा कॉलम आहे, तिथलं नाव मोठ्या जमीनदाराचंच असेल असं धरू नका, मधला मक्तेदारही असू शकतो, मी सुरुवातीला इथेच फसलो. एकाच नंबरात कंस घालून तीनचार नावं दिसली तर ती जमीन सामाईक होती, कदाचित रनडेलच. पुढे १९०१ आणि १९११ ची जनगणना लावून बघा. त्याआधीची बहुतेक १९२२ मध्ये डब्लिनच्या सरकारी दफ्तरखान्याच्या आगीत जळाली किंवा आधीच नष्ट केलेली, त्यामुळे उगाच शोधत बसू नका.

खरी मजा स्कूल्स कलेक्शनमध्ये. १९३७ ते ३९ मध्ये प्राथमिक शाळेतल्या पोरांनी आजीआजोबांकडून ऐकून वह्यांत लिहिलेलं, त्यात 'गावचा जमीनदार' हा वेगळा विषयच होता! दूखस डॉट आयई (duchas.ie) वर टाउनलँड टाकून शोधा. पण हे ऐकीव, त्यामुळे दुष्ट एजंटला (जमीनदाराच्या कारभाऱ्याला) शाप लागून तो मेला छाप गोष्टी भरपूर, त्या खऱ्या धरू नका आणि टाकूनही देऊ नका.

शेवटी म्हाताऱ्या शेजाऱ्यांशी बोला, पण 'तुमच्या घराण्याला बेदखल केलं होतं का' असं थेट विचारायचं नाही, शेतांची नावं विचारा, त्यातून आपोआप निघतं. एक जपायचं, बेदखल झालेल्याची जमीन ज्याने घेतली त्याला तिथे 'ग्रॅबर' म्हणायचे आणि त्याची नातवंडं आजही पलीकडच्या गल्लीत असू शकतात. १८८० मध्ये मेयोतच एजंट कॅप्टन बॉयकॉटला गावाने वाळीत टाकलं, 'बॉयकॉट' हा शब्द तिथूनच आला, त्यामुळे या गोष्टी लोक सहज विसरत नाहीत. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा, आणि कोणी 'हे लिहू नकोस' म्हटलं की वही बंद करून चहा प्या.