वडाची फांदी रुजवताना

आमच्या बडोद्याचं नाव वटोदरावरून आलं, वडाच्या पोटातलं गाव. रस्ते रुंद होताना जुने वड गेले, आणि वटपौर्णिमेला आम्ही बायका तोडलेल्या डहाळ्या विकत आणतो. जीव तुटतो.

पूजा झाडापाशी जाऊन करा. रुजवायला पावसाळ्यात छाटणीतली अंगठ्याएवढी जाड, हातभर फांदी घ्या. डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, जरा खाली तिरका काप द्या, चीक धुवा, पानं काढा, वरच्या टोकाला शेण लिंपा. खालचा तिसरा हिस्सा डब्यातल्या मातीत, डबा सावलीत. माझ्या गच्चीत तेलाच्या डब्यातल्या फांदीला लालसर, टोकदार कोंब आला, तेव्हा मी डोळे भरून पाहिला. पण लगेच उपटून बघू नका. मुळं मागाहून धरतात. पुढच्या पावसाळ्यात भिंती-गटारांपासून लांब, मोकळ्यावर लावा.