थंडीत पहाटे पिकअप सुरू होत नसेल, तर नवी बॅटरी घेण्यापूर्वी चार्जिंग मोजा

डिसेंबर-जानेवारीत निफाड, दिंडोरी, पिंपळगाव या पट्ट्यात पहाटेचा पारा अनेकदा दहा अंशांखाली जातो. भाजीपाल्याचे क्रेट भरून रात्री वाशीला निघणाऱ्या पिकअपही याच दिवसांत सर्वाधिक धावतात आणि थोड्याच आठवड्यांत द्राक्षांची काढणी सुरू होते. सेल्फ मारल्यावर नुसती टकटक व्हावी आणि भरलेली गाडी अंगणातच उभी राहावी, हा अनुभव या हंगामात अनेकांना येतो. अशा वेळी बहुतेक शेतकरी नवी बॅटरी घेऊन मोकळे होतात. जुनी बॅटरी खरोखरच संपली असेल तर तो खर्च सार्थकी लागतो. परंतु दोष इंजिन चालू असताना बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरमध्ये, तो फिरवणाऱ्या पट्ट्यात किंवा गंजलेल्या अर्थिंगच्या तारेत असेल, तर नवी बॅटरीही काही दिवसांतच उतरते. म्हणून हंगामाच्या तोंडावर अर्धा तास काढून साध्या मल्टिमीटरने गाडीची चार्जिंग व्यवस्था मोजून घ्यावी, असा आमचा आग्रह आहे. अनेकांच्या घरी विहिरीच्या मोटारीच्या कामासाठी मल्टिमीटर असतो.

थंडीत हे दोष उघडे पडण्याचे कारण सरळ आहे. बॅटरीतील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, इंजिन ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो आणि डिझेल इंजिनाला सुरुवातीची ऊब देणारे हीटर प्लगही त्याच बॅटरीतून मोठा करंट ओढतात. उन्हाळ्यात अर्धी भरलेली बॅटरीदेखील गाडी सुरू करून देते. थंडीत तीच बॅटरी दगा देते.

पहिले मोजमाप पहाटे, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर करावे. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टच्या घरात ठेवून बॅटरीच्या दोन्ही शिशाच्या खांबांवर टोके टेकवावीत. १२.६ व्होल्ट किंवा त्याहून अधिक दिसल्यास बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.२ च्या आसपास असल्यास ती जेमतेम अर्धी भरलेली आहे आणि १२ च्या खाली गेल्यास ती उतरलेली आहे, असे समजावे. त्यानंतर घरातील दुसऱ्या व्यक्तीला सेल्फ मारायला सांगून आकडा पाहत राहावे. पूर्ण भरलेली बॅटरी सेल्फ मारताना ९.६ व्होल्टच्या खाली घसरत असेल, तर बॅटरीच कमकुवत झालेली असण्याची शक्यता अधिक आहे. मात्र सेल्फच जड झाला असेल तरीही असे घडते, म्हणून बॅटरी दुकानात नेऊन लोड टेस्टरवर, म्हणजे भार टाकून, तपासून घ्यावी आणि मगच निर्णय करावा.

दुसरे मोजमाप इंजिन चालू असताना करावे. थोडी रेस दिल्यावर बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. हेडलाइट, ब्लोअर आणि वायपर चालू केल्यावर आकडा किंचित उतरेल, पण १३.२ च्या वर टिकला पाहिजे. इंजिन चालू असूनही आकडा १२.५ च्या आसपासच राहून हळूहळू उतरत असेल, तर बॅटरी चार्ज होतच नाही. उलट आकडा १५ च्या वर जात असेल, तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलेला आहे. अशी गाडी बॅटरीतील पाणी उकळून उडवते आणि बल्ब वारंवार घालवते, म्हणून तीही तशीच चालवू नये. बीएस-६ गाड्यांपैकी काहींमध्ये अल्टरनेटरवर संगणकाचे नियंत्रण असते आणि बॅटरी भरल्यावर व्होल्टेज मुद्दाम कमी ठेवले जाते. अशा गाडीत सर्व दिवे लावून मोजावे आणि मॅन्युअलमधील आकड्यांशी ताडून पाहावे.

चार्जिंग कमी दिसले म्हणून लगेच अल्टरनेटर उतरवू नये. शेतीच्या गाडीत अधिक वेळा बिघडतात त्या तारा आणि त्यांचे सांधे, हे आम्हाला ठामपणे सांगायचे आहे. युरियाच्या गोण्यांतून सांडलेले दाणे हवेतील ओल शोषतात, मोरचूद आणि गंधकाची फवारणी औषधे हौद्यातून खाली झिरपतात, त्यावर पावसाळ्यातील चिखल बसतो, आणि या साऱ्यांमुळे चासी व इंजिन यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी आतून गंजते. वरून ती शाबूत दिसते, पण करंट वाहून नेत नाही. हे ओळखण्यासाठी इंजिन चालू ठेवून व दिवे लावून मल्टिमीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या धातूच्या अंगावर आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवावे. आकडा ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आला, तर अर्थिंगच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे. त्याचप्रमाणे अल्टरनेटरच्या मागील जाड तारेचा बोल्ट आणि बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब यांच्यात मोजल्यास फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असावा. हे मोजताना सैल कपडे, उपरणे आणि हात पट्ट्यापासून दूर ठेवावेत.

सांधे साफ करताना आधी निगेटिव्ह टर्मिनल काढावे, जोडताना ते शेवटी जोडावे. टर्मिनलवरील पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा मिसळून धुवावी, पण ते पाणी बॅटरीच्या घरांत जाऊ देऊ नये. खांब पॉलिश पेपरने चमकवून टर्मिनल घट्ट आवळावे आणि त्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावावी. बॅटरीत पाणी कमी असल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरचे किंवा आरओचे पाणी आणि अ‍ॅसिड कधीही घालू नये. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे जवळपास विडी, काडी किंवा ग्राइंडरची ठिणगी नसावी.

पट्टा तपासायला दोन मिनिटे लागतात. साध्या व्ही-पट्ट्याच्या गाडीत लांब पल्ल्याच्या मध्यभागी अंगठ्याने जोरात दाबल्यास तो साधारण एक सेंटिमीटर दबावा. पहाटे गाडी सुरू होताच किंचाळल्यासारखा आवाज येत असेल, तर पट्टा घसरतो आहे.

यानंतरही चार्जिंग मिळत नसेल, तेव्हाच अल्टरनेटरकडे वळावे. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवरील बॅटरीचा लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. किल्ली फिरवूनही तो लागतच नसेल, तर बल्ब, फ्यूज किंवा अल्टरनेटरकडे जाणारी बारीक तार आधी पाहावी, कारण अनेक गाड्यांत याच वाटेने अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. तार ठीक असेल तर झिजलेले कार्बन ब्रश, रेग्युलेटर किंवा डायोड यांपैकी एकाचा दोष असतो आणि चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन पूर्ण अल्टरनेटर न बदलता तेवढाच भाग बदलून देऊ शकतो.

जुन्या डिझेल पिकअपमध्ये एक गोष्ट विशेष जपावी लागते. अनेक गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर बसवलेला असतो. अल्टरनेटरच्या मागे ऑइलची नळी आणि जाड रबरी पाइप आलेला दिसला, तर आपली गाडी त्यांपैकी आहे, असे ओळखावे. या पंपाचे सील गळू लागले की ऑइल अल्टरनेटरमध्ये उतरते आणि ब्रश भिजून चार्जिंग थांबते. अशा वेळी सील न बदलता नुसते ब्रश बदलले, तर तोच दोष महिनाभरात परत येतो.

दोन प्रथा मात्र तातडीने थांबल्या पाहिजेत. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून ‘गाडी बंद पडते का’ हे पाहण्याची पद्धत अजूनही रस्त्याकडेच्या गॅरेजांत दिसते. टर्मिनल निघताच व्होल्टेज एकदम उसळते आणि डायोड जळू शकतात; कॉमन रेल इंजिनाच्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणकदेखील जाऊ शकतो आणि तो खर्च अनेक बॅटऱ्यांच्या किमतीएवढा असतो. हंगामापूर्वी हौद्याला जाळी किंवा कॅरियर वेल्ड करतानाही बॅटरीची दोन्ही टर्मिनल आधी सोडवून ठेवावीत. गाडी धुताना फवारणीच्या एचटीपी पंपाचा फवारा अल्टरनेटरवर मारू नये, हेही सांगून ठेवतो.

पूर्ण उतरलेली बॅटरी धक्का मारून सुरू केलेल्या गाडीवर भरण्याची अपेक्षा धरू नये. ती काढून चार्जरवर क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे ८० अँपिअर-तासाची बॅटरी ८ अँपिअरने, दहा-बारा तास भरावी. अर्धवट भरलेल्या अवस्थेत आठवडे काढलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर कठीण थर बसतो आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही.

रात्रीच्या प्रवासात लाल दिवा लागला, तर ब्लोअर, टेप आणि जादा दिवे लगेच बंद करावेत, पण हेडलाइट बंद करू नयेत. गाडी सुरक्षित जागी घ्यावी आणि सर्वप्रथम पट्टा पाहावा. अनेक इंजिनांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर चालतो, त्यामुळे पट्टा तुटलेला असताना गाडी पुढे नेल्यास इंजिन तापून खराब होते. व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरवर असलेल्या गाडीत पट्टा तुटल्यानंतर साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन वेळाच ब्रेक हलका लागतो, त्यानंतर पेडल दगडासारखे कडक होते. हा दिवा इगतपुरी ओलांडण्यापूर्वी लागला असेल, तर माल पोहोचायला उशीर झाला तरी चालेल, पण भरलेली गाडी कसारा घाटात उतरवू नये. योग्य मापाचा जादा पट्टा आणि तो बदलण्याचे पाने सीटखाली ठेवावेत आणि तो कसा बसवायचा, हे चालकाने दिवसाउजेडी एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावे.