एकाच सनबोर्डमधून रॉडचेन्को स्टाइल लटकतं शिल्प

हॉलमध्ये लटकवायला काहीतरी हवंय पण तेच ते विंड चाइम नकोय, मग हे करून बघा. अलेक्सांद्र रॉडचेन्को या रशियन कलाकाराने 1920 च्या सुमारास प्लायवूडच्या एका सपाट तुकड्यातून एकात एक लंबगोल कापले, वेगवेगळ्या कोनात वळवले, तारेने अडकवले आणि टांगले, झालं शिल्प. दगड नाही, चौथरा नाही. 1921 च्या मे महिन्यात मॉस्कोच्या प्रदर्शनात ही मालिका टांगलेली होती. त्यात वर्तुळ, चौकोन, त्रिकोण, षटकोनही होते पण टिकला फक्त लंबगोल, तो आता न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे.

आपल्याला 3 मिमी सनबोर्ड (फोमची हलकी, कडक शीट), कटर, बाइंडिंग वायर, नायलॉन दोरा आणि सिल्व्हर स्प्रे लागेल, ठाणे स्टेशनबाहेरच्या स्टेशनरी आणि हार्डवेअरवाल्यांकडे सगळं मिळून जातं. पुठ्ठा नको, आपल्याकडच्या पावसाळ्यात तो वाकतोच. थर्माकोल तर नकोच, स्प्रेने विरघळतो.

खरी गंमत आखण्यात आहे. 40 सेमीची आडवी रेघ मारा, तिच्या मधोमध 24 ची उभी. आता मध्यापासून दोन्हीकडे 16 सेमीवर आडव्या रेघेत टाचण्या रोवा, 40 सेमी दोरा त्यांना बांधा (गाठी सोडून 40 हां), पेन्सिलीने ताणून फिरवा की पहिला लंबगोल तयार. आतला 36 बाय 20 चा, त्याच्या टाचण्या 15 सेमीवर, दोरा 36. लोक इथेच आळस करतात, टाचण्या तशाच ठेवून नुसता दोरा कमी करतात, मग बाजूची पट्टी टोकापेक्षा दुप्पट जाड येते आणि 32 च्या दोऱ्याला तर लंबगोलच उरत नाही, सरळ रेघ! तर पुढच्या प्रत्येकाला लांबी-रुंदी 4-4 ने कमी करा, आणि उभ्या रेघेच्या नव्या टोकापासून त्याच लंबगोलाच्या निम्म्या लांबीची मोजपट्टी आडव्या रेघेला दोन्हीकडे जिथे टेकेल तिथे टाचणी.

कापताना एका दमात नाही, कटर हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवा. कडा पॉलिश पेपरने घासा नाहीतर रिंगा एकमेकींत अडकतात. लांब टोकांना भोकं पाडून शेजारच्या रिंगा तारेने बांधा, हव्या त्या कोनात वळवा, कोन टिकत नसेल तर मध्ये तारेचा छोटा तुकडा आधाराला द्या.

रंग फक्त चंदेरी. लाल-पिवळं करायचा मोह होईल पण ते अमेरिकन शिल्पकार काल्डरचं काम, त्याची मोबाइल्स म्हणजे हलती लटकती शिल्पं वेगळीच, आणि इथे रंगापेक्षा उजेड महत्त्वाचा. एका बाजूने टॉर्च मारा, भिंतीवर सावल्या बघा. घोडबंदरला वरच्या मजल्यावर राहत असाल तर बाल्कनीत लटकवू नका, खाडीच्या वाऱ्याने दोरा पिळून पिळून तुटेल.

गणपतीत हूक हवा असेल तर तारा सोडा, रिंगा परत एकात एक बसवा आणि कपाटामागे सरकवा, जाडी तीच 3 मिमी.