निसाबेची पाटी: शाडूत कीलाक्षरं कशी उमटवायची

दसऱ्याला आपण पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढतो. प्राचीन सुमेरमध्ये, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमध्ये, मातीच्या पाटीवर पाचरा उमटवून लिहीत; तीच कीलाक्षरं. तिथे लेखनाची देवी निसाबा, मूळची धान्याची. लिहून झालं की शेवटी 'निसाबा झा-मी', म्हणजे निसाबेची स्तुती असो, असं लिहायची रीत होती. आपला 'श्री' मात्र आरंभी येतो.

गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, चतुर्थीनंतर शाडू उरते, तीच घ्या. खाजणातली माती नको: सुकताना मीठ वर येतं आणि पांढऱ्या थरात अक्षरं बुजतात. शाडू रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, पाणी निथळू द्या, मग मळा. गोळा भाकरीच्या पिठापेक्षा घट्ट हवा, बोटाला चिकटू नये. १५० ग्रॅमची पाटी थापा: ८ सेंटिमीटर व्यासाची, मध्ये अडीच सेंटिमीटर जाड, कडेला पातळ. सुमेरमधल्या निप्पूर शहरातल्या विद्यार्थ्यांच्या गोल पाट्या साधारण अशाच.

लेखणीला चिवारीची, म्हणजे बारीक बांबूची, १५ सेंटिमीटरची काडी. बोरूसारखं टोक काढू नका, चीरही पाडू नका. टोक सरळ कापून कोपरा धारदार ठेवा. सगळं काम हा कोपराच करतो. काडी तिरपी धरून तो मातीत दाबा आणि उचला. डोकं खोल, शेपूट उथळ, अशी पाचर उमटते. ओढलीत तर कडेला मातीची वळी उठते. नव्वद टक्के बिघाड इथलाच. माती ओली असेल तर काडीला चिकटून येते, सुकी असेल तर डोक्याभोवती चिरा पडतात. दिशा बदलताना मनगट पिळण्यापेक्षा डाव्या हातातली पाटी थोडी फिरवा.

आधी उभ्या, आडव्या, तिरप्या पाचरांच्या ओळी गिरवा. तिथली मुलंही असंच शिकत, मग 'टु-टा-टी, नु-ना-नी': त्यांची बाराखडीच. त्यानंतर देवाची खूण, आठ टोकांची चांदणी: एक आडवी, एक उभी, दोन तिरप्या पाचरा, चारही मध्यात छेदणाऱ्या. मध्यात हलकं दाबा, नाहीतर नवी पाचर जुनी मिटवते. निसाबेचं नाव या चांदणीनेच सुरू होतं. पुढची चिन्हं एकाच काळातल्या पाटीच्या फोटोवरून उतरवा. सुमेरी आणि नंतरची, उत्तरेकडची अश्शूरी वळणं एकत्र करू नका. वाचताना उजेड डावीकडून तिरपा पडू द्या.

सावलीत सुपात सुकवा, रोज उलटा. उन्हात ठेवलीत तर पातळ कडा आधी आकसते आणि तडकते. चुलीत टाकायचा मोह नको. आतल्या ओलीची वाफ होऊन पाटी फुटते. तिथेही बहुतेक पाट्या न भाजलेल्याच असत. चुकलेली पाटी पुन्हा भिजत घाला. इ.स.पू. १७४० च्या सुमाराच्या निप्पूरमधल्या एका शाळेत त्यासाठी वेगळी हौदीच होती.