पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन कशी पूर्ण करावी: खान्देशातील हौशी खेळाडूंसाठी मार्गदर्शन

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन प्रकार याच क्रमाने आणि मध्ये घड्याळ न थांबवता पूर्ण करण्याच्या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. तिच्या लघुपल्ल्याच्या, म्हणजे स्प्रिंट प्रकारात ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे असते. २००० साली सिडनी येथे हा खेळ प्रथम ऑलिंपिकमध्ये आला, तेव्हा तेथील अंतरे याच्या बरोबर दुप्पट होती. गोव्यात २०१९ साली सुरू झालेल्या ‘आयर्नमॅन ७०.३’ शर्यतीत १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असते, आणि ट्रायथलॉन म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर तीच येते. त्यामुळे ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणून अनेक जण आधीच मागे सरतात. वास्तविक नोकरी, दुकान किंवा शेती सांभाळून तीन-चार महिने नेमाने सराव करणाऱ्या निरोगी माणसाला स्प्रिंट शर्यत पावणेदोन ते दोन तासांत पूर्ण करता येते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील खेळाडूला सायकल आणि धावणे फारसे जड जात नाही. गावाबाहेर पडले की रस्ता मिळतो आणि पहाटे उठण्याची सवय बहुतेकांना असतेच. अडते ते पाण्यात, आणि एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जाताना. तयारीचा मोठा वाटा या दोन ठिकाणी खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

शर्यतीची निवड

पहिली शर्यत डिसेंबर ते फेब्रुवारी या काळातील निवडावी. सरावाचा मुख्य काळ मग पावसाळ्याच्या अखेरीस सुरू होतो आणि उन्हाळ्याशी झगडावे लागत नाही. नाव नोंदवण्यापूर्वी तीन गोष्टींची चौकशी करावी: पोहणे तलावात आहे, धरणात आहे की समुद्रात, सायकलचा मार्ग वाहतुकीसाठी बंद असतो का, आणि प्रत्येक टप्प्याची वेळमर्यादा किती आहे. वयाची चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकाराचा इतिहास असेल, तर डॉक्टरांकडून तपासणी करून घेतल्याशिवाय सराव सुरू करू नये.

पोहणे मुळीच येत नसेल, तर धावणे, सायकल आणि पुन्हा धावणे अशा ड्युएथलॉनपासून सुरुवात करण्यात काहीच कमीपणा नाही. तिच्या स्प्रिंट प्रकारात ५ किलोमीटर धावणे, २० किलोमीटर सायकल आणि शेवटी २.५ किलोमीटर धावणे असते. ती पूर्ण होईपर्यंत पोहण्याची शिकवणी सुरू ठेवता येते.

पाण्याची तयारी

आपल्याकडे पोहणारे साधारणतः दोन प्रकारचे असतात. शेतातल्या विहिरीत, कमरेला भोपळा किंवा डबा बांधून पोहायला शिकलेल्यांना खोल पाण्याची भीती नसते. मात्र त्यांचे डोके सतत पाण्याबाहेर राहते. डोके वर राहिले की कंबर आणि पाय खाली जातात, शरीर तिरपे होते आणि शंभर मीटरमध्येच दम लागतो. शहरातील जलतरण तलावात शिकलेल्यांचा हात सुबक असतो, पण दर २५ मीटरला भिंत धरण्याची सवय जडलेली असते आणि तळ दिसेनासा झाला की त्यांचा श्वास बिघडतो. आपण कोणत्या प्रकारात मोडतो हे प्रामाणिकपणे ओळखावे, कारण दोघांचा अभ्यास वेगळा आहे.

पहिल्या प्रकारच्या पोहणाऱ्याने सर्वप्रथम श्वास दुरुस्त करावा. चेहरा पाण्यात असताना नाका-तोंडाने हवा सावकाश सोडत राहावी आणि तोंड बाजूला वळताच फक्त श्वास घ्यावा. बहुतेक नवखे पाण्यात श्वास कोंडून धरतात आणि मग बाहेर आल्यावर त्या क्षणभरात सोडणे आणि घेणे या दोन्ही क्रिया उरकू पाहतात. त्यांना येणारा थकवा हातांचा नसून या घाईचा असतो. मान उचलू नये, खांद्यासह शरीर कुशीवर वळवावे, म्हणजे एक कान पाण्यातच राहतो. हे जमेपर्यंत अंतर मोजण्याच्या फंदात पडू नये. जमल्यानंतर २५ मीटरच्या तलावात ३० लांब्या म्हणजे ७५० मीटर हे लक्षात ठेवून प्रथम प्रत्येक लांबीनंतर, मग दोन, मग चार लांब्यांनंतर विश्रांती घ्यावी. शर्यतीच्या तीन आठवडे आधी न थांबता ८०० ते १००० मीटर आरामात पोहता आले पाहिजे.

दुसऱ्या प्रकारच्या पोहणाऱ्याने भिंतीजवळ येताच तिला हात न लावता वळण्याचा सराव करावा. त्याच्या जोडीला दिशा पाहण्याचा अभ्यास हवा. मोकळ्या पाण्यात तळाशी रेघ नसते, त्यामुळे दर आठ-दहा हातांनंतर मगरीसारखे फक्त डोळे पाण्यावर आणून समोरचा बोया, म्हणजे मार्ग दाखवणारा तरंगता फुगा, पाहावा आणि श्वास मात्र नेहमीप्रमाणे बाजूलाच घ्यावा. पोहताना झाड, टेकडी किंवा मनोरा अशी एखादी उंच खूण आधीच हेरून ठेवली, तर ती लाटांतूनही दिसते.

मोकळ्या पाण्यातील सराव आवश्यक आहे, पण तो मनाला येईल तेथे करू नये. हतनूर, गिरणा, वाघूर या जलाशयांचे पाणी वरून शांत दिसते. आत गाळ, बुडालेली झाडे, मासेमारीची जाळी आणि अचानक उतरणारे खोल भाग असतात. पावसाळ्यात हतनूरच्या ४१ दरवाजांपैकी काही उघडले की खालच्या बाजूला तापीची पातळी पाहता पाहता वाढते. परवानगी आहे अशाच जागी, जाणकार मार्गदर्शकासह, काठावर दोर किंवा नाव घेऊन थांबलेला माणूस असताना आणि कमरेला भडक रंगाचा तरंगता फुगा बांधूनच उतरावे. एकट्याने कधीही उतरू नये, मग पोहणे कितीही चांगले येत असो. अशी सोय होत नसेल, तर शर्यतीच्या गावी एक दिवस आधी जाऊन आयोजकांच्या देखरेखीखालील सराव-पोहणे चुकवू नये.

एक नियम नवख्यांना फार थोडा ठाऊक असतो आणि तो मोठा आधार देतो: शर्यतीत दम लागला तर बोया किंवा थांबलेली नाव धरून विश्रांती घेता येते, तिच्या साहाय्याने पुढे मात्र सरकता येत नाही. घाबरल्यासारखे वाटले तर उताणे होऊन तरंगावे, श्वास लागोपाठ लांब सोडावा आणि तरीही सावरले नाही तर हात वर करून मदत मागावी.

सायकल

महागडी सायकल घेतल्याशिवाय ट्रायथलॉन करता येत नाही, हा गैरसमज खेळापासून लोकांना दूर ठेवतो. ब्रेक आणि गिअर नीट असलेली कोणतीही रोड किंवा हायब्रिड सायकल चालते. काटकसर हेल्मेटमध्ये तेवढी करू नये. बैठकीची उंची अशी ठेवावी की पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. जड गिअर रेटत बसण्यापेक्षा मिनिटाला ८० ते ९० फेऱ्या पडतील असा हलका गिअर ठेवला, तर पुढे धावण्यासाठी मांड्या शिल्लक राहतात.

सरावाचा मार्ग निवडताना मुंबई-आग्रा महामार्ग किंवा सुरत-नागपूर महामार्ग टाळावा. लळिंग घाटाचा चढ मोह घालणारा असला तरी तेथील अवजड वाहतुकीत एकट्या सायकलस्वाराला जागा नाही. रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या बागांमधले गावरस्ते किंवा चाळीसगावहून पाटणादेवीकडे जाणारा रस्ता पहाटे अधिक निवांत असतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या वाऱ्यामुळेच. वारा समोरून असताना वेग न पाहता श्रम एकसारखे ठेवण्याची शिस्त अशा भागात चांगली अंगवळणी पडते.

बाभळीचे काटे आणि सराटे यांमुळे आपल्याकडे पंक्चर ठरलेले असते आणि शर्यतीत ते बहुधा स्वतःलाच काढावे लागते. जुनी ट्यूब काढून नवी बसवणे सोपे आहे, पण त्याआधी टायरच्या आतल्या बाजूने अंगठ्याचे पेर सावकाश फिरवत पूर्ण फेरा घ्यावा. बाहेरून मोडून गेलेल्या काट्याचे टोक आत राईच्या दाण्याएवढेच टोचते आणि ते चिमट्याने ओढून न काढल्यास नवी ट्यूबही दोन किलोमीटरमध्ये पंक्चर होते. हे काम दहा मिनिटांत जमेपर्यंत घरी करून पाहावे.

दोन प्रकार जोडून सराव

सायकलवरून उतरून धावू लागले की पहिले काही मिनिटे पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात. स्नायूंना गोल फिरण्याच्या लयीतून पाऊल टाकण्याच्या लयीत येण्यास वेळ लागतो. आठवड्यातून एकदा १५ ते २० किलोमीटर सायकल झाल्यावर लगेच दहा-पंधरा मिनिटे धावावे. या सरावाला खेळाडू ‘ब्रिक’ म्हणतात. पहिला किलोमीटर मुद्दाम छोट्या पावलांनी आणि हळू धावावा. अवघडलेपणा ओसरतो हे एकदा शरीराला कळले की शर्यतीत त्याची धास्ती राहत नाही.

आठवड्याची मांडणी पुढीलप्रमाणे पुरेशी आहे: तीन दिवस पोहणे, दोन दिवस सायकल, दोन दिवस धावणे, त्यांपैकी एक जोडसराव, आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. काही दिवशी सकाळ-संध्याकाळ दोन प्रकार येतील. बोलता येईल इतक्याच वेगाने बहुतेक सराव करावा आणि दर चौथ्या आठवड्यात अंतर कमी करावे. शर्यतीच्या आधीचा आठवडा हलका असावा. राहून गेलेला सराव त्या आठवड्यात भरून काढू नये.

ऊन, पाणी आणि आहार

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्या दिवसांत सूर्योदयापूर्वीच सराव आटोपावा. उष्णतेला सरावण्यास शरीराला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून ऊन वाढताच अंतर घटवावे. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे किंवा बोलण्यात असंबद्धता आल्यास तत्काळ थांबून सावलीत अंगावर पाणी ओतावे; बोलण्यात गोंधळ असेल तर वैद्यकीय मदत घ्यावी. एका तासापेक्षा लांब सरावात तासाला अर्धा लिटरच्या आसपास द्रव घ्यावा. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरगुती मिश्रण उत्तम काम देते. साध्या पाण्याचा भडिमार करू नये, त्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

शर्यतीच्या आदल्या रात्री शेवभाजी, भरीत किंवा तुपात भिजलेली वरण-बट्टी पाहुणचार म्हणून समोर आली तरी नम्रपणे नाकारावी. तिखट आणि स्निग्ध अन्न पचण्यास वेळ लागतो आणि पाण्यात आडवे झाल्यावर तेच घशाशी येते. वरण-भात किंवा साधी मुगाची खिचडी खाऊन लवकर झोपावे. सकाळी, सुरुवातीच्या अडीच-तीन तास आधी, पोहे किंवा भाकरी-दूध आणि एक केळे पुरते. केळे सहज पचते, खिशात मावते आणि २०१६ पासून भौगोलिक मानांकन असलेले जळगावचे केळे तर घरचेच आहे. सरावात न खाल्लेली कोणतीही वस्तू त्या दिवशी खाऊ नये.

बदलाची जागा

पोहण्यातून सायकलवर आणि सायकलवरून धावण्यावर येण्याची जागा ‘ट्रान्झिशन’ म्हणून ओळखली जाते. तेथे प्रत्येकाला सायकलजवळ हातभर जागा मिळते. जमिनीवर रंगीत टॉवेल पसरावा. पुढच्या कडेला सायकलचे बूट आणि मोजे, मागे धावण्याचे बूट आणि टोपी अशी मांडणी करावी, म्हणजे आधी लागणारी वस्तू हाताशी येते. हेल्मेट हँडलवर उलटे, पट्टे बाहेर सोडून ठेवावे आणि त्यात चष्मा ठेवावा. एकच जोडी बूट वापरून सायकल आणि धावणे दोन्ही करणे पहिल्या शर्यतीसाठी सर्वांत सोयीचे.

नियम ठाम आहे: हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकल स्टँडवरून हलवता येत नाही आणि परत येताना सायकल टांगल्याशिवाय पट्टा सोडता येत नाही. जमिनीवर आखलेल्या रेषेपलीकडे गेल्यावरच सायकलवर बसावे आणि परतीच्या रेषेआधी उतरावे. हौशी गटात पुढच्या सायकलस्वाराच्या आडोशाने चालवण्यास सहसा मनाई असते, त्यामुळे साधारण दहा मीटर अंतर ठेवावे. कानात इअरफोन चालत नाहीत. घराच्या अंगणात हा सारा क्रम ओल्या अंगाने चार-पाच वेळा करून पाहिल्यास शर्यतीत हात आपोआप चालतात.

शर्यतीचा दिवस

गाव लांब असेल तर आदल्या दुपारीच पोहोचावे. रेल्वेने सायकल पार्सलमध्ये टाकली असल्यास उतरल्यावर चाकांतील हवा, ब्रेक आणि गिअर पुन्हा तपासावेत. सकाळी बदलाच्या जागेत आपल्या सायकलची रांग एखाद्या पक्क्या खुणेवरून लक्षात ठेवावी, कारण पाण्यातून धापा टाकत आल्यावर सगळ्या सायकली सारख्याच दिसतात.

पाण्यात सर्वांच्या मागे किंवा कडेला उभे राहावे. सुरुवातीच्या गर्दीत हातापायांचे धक्के लागतात आणि पहिल्या शंभर मीटरमध्ये वेग हमखास जास्त होतो. तेथे मुद्दाम सावकाश हात मारावेत. शेवटच्या पन्नास मीटरमध्ये पाय थोडे जोराने हलवावेत, म्हणजे उभे राहताना चक्कर येत नाही. सायकलच्या पहिल्या पाच मिनिटांत श्वास स्थिर करून मग पाणी प्यावे आणि शेवटच्या किलोमीटरमध्ये गिअर हलका करावा. धावताना पहिले दोन किलोमीटर स्वतःला आवरून धरावे, उरलेली ताकद शेवटच्या तीनमध्ये खर्च करावी.

अंतिम रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नये. दहा मिनिटे चालत राहावे, खारट-गोड काही प्यावे आणि तासाभरात जेवावे. घोट्यावरील वेळ मोजणारी चिप परत करून, हातावरील क्रमांक दाखवून सायकल ताब्यात घ्यावी. पुढचे दोन दिवस केवळ चालणे किंवा हलके पोहणे ठेवावे.