सिंगापूरची सहल: इमिग्रेशनची तयारी घरूनच कशी करावी

इमिग्रेशनची धास्ती बहुतेकांना परदेशात उतरल्यावरच्या रांगेची वाटते. पण सिंगापूरला निघालेल्या माणसाची पहिली खरी तपासणी मुंबई विमानतळावर, विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरवरच होते. अपुऱ्या कागदपत्रांवर प्रवासी नेला तर त्याला परत आणण्याचा भुर्दंड कंपनीवर पडतो, त्यामुळे तिथले कर्मचारी पासपोर्ट आणि व्हिसा बारकाईने पाहतात. त्यातच ३० जानेवारी २०२६ पासून, प्रवेशाच्या अटी पूर्ण न करणाऱ्या प्रवाशाला विमानात बसवू नका, असा आदेश सिंगापूरचे इमिग्रेशन खाते कंपनीला आधीच देऊ लागले आहे. त्यामुळे ‘तिथे गेल्यावर बघू’ हा विचार या सहलीपुरता बाजूला ठेवावा.

सुरुवात पासपोर्टपासून करावी. सिंगापूरला पोहोचण्याच्या दिवशी त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक असली पाहिजे. मोठ्यांचा पासपोर्ट सहसा दहा वर्षांचा असतो आणि मुलांचा पाचच वर्षांचा. सगळ्यांचे पासपोर्ट एकदम काढले होते म्हणून सगळ्यांची मुदतही एकदमच संपेल असे गृहीत धरणाऱ्या कुटुंबात नेमके धाकट्याचे तिकीट अडकते. दुसरी तपासणी नावाची. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन भाग असतात, पण ते प्रत्येक पासपोर्टवर एकाच पद्धतीने छापलेले नसतात. लग्नानंतर आधार कार्डावर नवे आडनाव आले आणि पासपोर्टवर माहेरचेच राहिले, असेही सर्रास आढळते. तिकीट, व्हिसाचा अर्ज आणि अरायव्हल कार्ड (पोहोचण्याआधी ऑनलाइन भरायचा सिंगापूरचा आगमन-फॉर्म) या तिन्हींवर पासपोर्टवरचेच नाव यावे, आणि ते एजंटला फोनवर सांगण्याऐवजी पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवून लिहून घ्यावे.

भारतीय नागरिकांना सिंगापूरसाठी व्हिसा आधी काढावा लागतो. तिथे उतरून तो मिळत नाही. हा अर्ज प्रवाशाने स्वतः दूतावासात जाऊन देण्याऐवजी सहसा अधिकृत एजंटमार्फत होतो. त्यासाठी भरलेला फॉर्म १४अ, पांढऱ्या पार्श्वभूमीचा ३५ बाय ४५ मिलिमीटरचा अलीकडचा फोटो आणि पासपोर्टची प्रत लागते. सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर आहे. त्यावर एजंट स्वतःचे किती घेतो हे आधी विचारून घ्यावे. प्रवासाला साधारण महिना उरला असताना अर्ज करणे सोयीचे. मिळणारा ई-व्हिसा छापून जवळ ठेवावा आणि त्यावरचा पासपोर्ट क्रमांक अक्षर न् अक्षर पडताळून पाहावा. व्हिसाची मुदत आणि मुक्कामाची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही लक्षात घ्यावे: व्हिसा बराच काळ आणि अनेक फेऱ्यांसाठी वैध असला, तरी प्रत्येक फेरीत किती दिवस राहता येईल हे तिथला अधिकारी ठरवतो, आणि व्हिसा हातात असूनही प्रवेश नाकारण्याचा अधिकार त्याला असतोच.

यानंतरचे काम अरायव्हल कार्डाचे. ते सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर, पोहोचण्याचा दिवस धरून तीन दिवसांच्या आत भरावे लागते. म्हणजे दहा तारखेला पोहोचणार असाल तर ते आठ तारखेपासून भरता येईल. ते प्रत्येकासाठी लागते, तान्ह्या बाळासाठीसुद्धा. मात्र कुटुंबाचे एकत्र भरण्याची सोय आहे. या कार्डाला एक पैसाही लागत नाही. शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारे संकेतस्थळ कार्डासाठी पैसे मागत असेल तर ते सरकारी नाही, एवढे ओळखून ते बंद करावे.

कार्ड भरताना दोन ठिकाणी चूक होते. पहिली तारखेत. मुंबईहून रात्री साडेअकराला निघालेले विमान साधारण साडेपाच तासांत पोहोचते, आणि सिंगापूरचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असल्यामुळे तिथे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. तिकिटावर नऊ तारीख ठळक दिसली तरी कार्डावर दहाच लिहायची. दुसरी चूक ईमेलची. सिंगापूरमध्ये आता परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. किती दिवस राहता येईल हे सांगणारा ई-पास कार्डात दिलेल्या ईमेलवर येतो. एजंटने कार्ड भरून देताना त्याचाच ईमेल टाकला असेल तर तुमच्या मुक्कामाची परवानगी त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहते. हे कार्ड स्वतः बसून भरावे असे माझे स्पष्ट मत आहे.

बॅग भरतानाही हाच काटेकोरपणा हवा, कारण सिंगापूरचे कायदे कडक आहेत आणि ‘माहीत नव्हते’ ही सबब तिथे चालत नाही. गुटखा, खैनी, जर्दा या चघळायच्या तंबाखूवर तिथे बंदी आहे, तेव्हा आजोबांच्या खिशातली चंची घरीच राहू द्यावी. ई-सिगारेट जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. साध्या सिगारेटवर कोणतीही करसवलत नाही. एक पाकीट असले तरी ते जाहीर करावे लागते. च्युइंगगम नेता येत नाही. घरच्या फराळाच्या बाबतीत मात्र एक गोष्ट आपल्याकडे कुणाच्या लक्षात येत नाही: खसखस. तिथल्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेच्या प्रतिबंधित यादीत खसखस आहे, म्हणून भाच्यासाठी अनारसे किंवा खसखस घातलेल्या करंज्या नेण्याचा बेत रद्द करावा. त्याच कारणाने कुणाचे बंद पार्सल ‘एवढे पोहोचवाल का’ म्हटल्यावर घेऊ नये. नाते जवळचे असले तरी डबा उघडून पाहावा. अमली पदार्थांच्या व्यापाराला तिथे फाशीपर्यंतची शिक्षा आहे.

औषधे स्वतःपुरती, तीन महिन्यांपर्यंतची नेता येतात. ती मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत. गोळ्या कापून छोट्या डबीत भरण्याची ज्येष्ठांची सवय इथे नडते. झोपेच्या, चिंता कमी करणाऱ्या किंवा तीव्र वेदनेवरच्या काही गोळ्यांना आणि कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाला पूर्वपरवानगी लागू शकते. ती प्रवासाआधी किमान दहा कामकाजाचे दिवस मागावी लागते, म्हणून औषधांची यादी व्हिसाच्या अर्जाबरोबरच काढावी.

मुंबईला टर्मिनल दोनवर तीन तास आधी पोहोचावे. भारतीय रोकड माणशी २५,००० रुपयांपेक्षा जास्त बाहेर नेता येत नाही. भारी दागिने किंवा महागडा कॅमेरा सोबत असेल तर जाण्यापूर्वी कस्टम्सच्या अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना त्यांच्यावर शुल्काचा वाद होत नाही. वारंवार परदेशी जाणाऱ्यांनी गृह मंत्रालयाच्या फास्ट ट्रॅक इमिग्रेशन योजनेत, म्हणजे रांगेऐवजी स्वयंचलित फाटकातून जाण्याच्या सोयीसाठी, नाव नोंदवावे. ती मुंबईत जानेवारी २०२५ पासून सुरू आहे आणि विनाशुल्क आहे.

चांगी विमानतळावर बहुतेक काम स्वयंचलित फाटकावर होते. अधिकाऱ्याने बाजूला बोलावले तर घाबरू नये. कुठे राहणार, किती दिवस, परतीचे तिकीट कुठे, खर्चाची सोय काय, एवढेच प्रश्न असतात. उत्तरे थोडक्यात आणि खरी द्यावीत. हॉटेलचे बुकिंग, परतीचे तिकीट आणि नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांचा पत्ता व फोन नंबर कागदावर लिहून हातातल्या पिशवीत ठेवावा, कारण मोबाइलची बॅटरी अशाच वेळी संपते. २०,००० सिंगापूर डॉलरपेक्षा जास्त किमतीची रोकड असेल तर ती जाहीर करणे बंधनकारक आहे. जाहीर करण्यासारखे काही असल्यास लाल मार्गाने, नसल्यास हिरव्या मार्गाने बाहेर पडावे. हॉटेलवर पोहोचताच प्रत्येकाचा ई-पास उघडून त्यावरची शेवटची तारीख परतीच्या तिकिटाशी ताडून पाहावी. ती कमी पडत असेल तर मुदतवाढीचा अर्ज ती तारीख उलटण्याआधीच करावा लागतो.