सेमी-ऑटोवर माल बिघडतोय? सेटिंग फिरवण्याआधी दरवाजा बघा

जळगाव एमआयडीसीत ठिबकचे जॉइनर, पीव्हीसीचे एल्बो काढणारी बरीच इंजेक्शन मोल्डिंग मशीनं सेमी-ऑटोवर चालतात. ऑपरेटरने माल काढून मशीनचा सुरक्षेचा दरवाजा लावला की डाय, म्हणजे साचा, बंद होते आणि पुढचा शॉट, म्हणजे डायमध्ये प्लास्टिक भरणं, सुरू होतो. म्हणजे सायकलचा एक तुकडा माणसाच्या हातात असतो. बिघाड त्या तुकड्यात असताना प्रेशर आणि टेम्परेचर फिरवत बसणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक.

हिशेब करून बघा. सायकल 40 सेकंदांची आणि बॅरलमध्ये (प्लास्टिक वितळवणाऱ्या नळीत) चार शॉटचा माल असेल, तर माल साधारण 160 सेकंद तापत राहतो. दरवाजा दर वेळी 15 सेकंद जास्त उघडा राहिला की तेच 220 होतात. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) एवढं सहसा सोसतं. पीव्हीसी सोसत नाही. आधी तपकिरी रेघा, मग काळे ठिपके, नाकाला झोंबणारा वास. त्या वाफेत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ते डायला गंज चढवतं.

म्हणून आधी स्क्रीनवर लागोपाठ दहा सायकलींचा वेळ लिहून काढा. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त फरक दिसला तर सेटिंग तसंच राहू द्या, हाताचं काम बघा. बहुतेक ठिकाणी ऑपरेटर दरवाजा उघडा ठेवूनच रनर (नगाला जोडून आलेली प्लास्टिकची काडी) तोडतो, बर (कडेची जादा कोर) काढतो, नग मोजतो. माल हातात आला की आधी दरवाजा लावायचा, बाकीचं सगळं कूलिंग चालू असताना. ब्रास इन्सर्ट (नगात बसणारे पितळी तुकडे) डायमध्ये बसवायचे असतील तर पुढच्या शॉटचे इन्सर्ट आधीच ट्रेमध्ये मांडलेले हवेत. एवढ्याने निम्मी रिजेक्शनची कटकट मिटलेली मी पाहिली आहे.

चहाच्या सुट्टीनंतरही हीच गडबड होते. डाय थंडावलेली, बॅरलमधला माल जास्त शिजलेला; पहिले शॉट कधी शॉर्ट (नग अर्धवट भरलेला), कधी फ्लॅश (कडेने माल बाहेर आलेला). ते बाजूला टाका, सायकल स्थिरावू द्या. त्या शॉटवर सेटिंग बदललं तर पुढची शिफ्ट ते निस्तरत बसते.

वेग वाढवायला दरवाज्याचा लिमिट स्विच (दरवाजा लागल्याचं मशीनला कळवणारा) तारेने बांधणं मात्र कोणत्याही कारणाने चालवून घेऊ नका. ऑर्डर कितीही तातडीची असो. दरवाजा उघडा असताना डाय सरकता कामा नये, हे शिफ्टच्या सुरुवातीला स्वतः तपासा. चिकटलेला नग स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, पितळी सळई वापरा. आणि डाय बंद होतानाचं लो-प्रेशर नीट लावा, म्हणजे राहिलेल्या नगावर डाय आदळणार नाही.

मशीन बराच वेळ थांबणार असेल तर पीव्हीसी बॅरलमध्ये ठेवू नका. पॉलिथिन घालून पर्ज करा, म्हणजे आतला माल बाहेर ढकलून काढा, मगच हीटरचं तापमान उतरवा. आणि पीव्हीसी चाललेल्या बॅरलमध्ये ॲसिटल (पीओएम नावाचं प्लास्टिक) थेट कधीच टाकू नका, दोन्ही एकत्र तापले की जोरात विघटन होऊन विषारी वायू सुटतो.